हिलालनानांची खालची ओळ

हिलालनाना थर्मामीटर वाचताना श्वास रोखून धरत. मे महिन्यात सकाळी साडेआठलाच अंगाला घामाची धार लागलेली असे, पण त्या पांढऱ्या पेटीचं दार उघडलं की नाना तोंड मिटून, मान थोडी वाकडी करून आत बघत राहत, आणि दार लावल्यावरच भला मोठा श्वास सोडत. आपल्या श्वासाच्या उबेने पारा हलतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागे उभी राहून बघत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. नुसते म्हणाले, "ताई, तुमची सावली तेवढी काढा."

मी दचकून बाजूला झाले. दार लावून ते हसले. "राग मानू नका. सावली पडली तर पारा लाजतो. मग पुण्याचे लोक म्हणतील, हिलाल लिंबाखाली बसून आकडे लिहितो."

सत्तर साल अजून उजाडायचं होतं. जळगावला केळी बाहेरगावी पाठवणाऱ्या एका संस्थेत मला इंग्रजी पत्रव्यवहाराची नोकरी लागली होती. वडील डॉक्टर, शाळा नाशिकच्या कॉन्व्हेंटातली, कॉलेजही वसतिगृहात राहून केलेलं. त्यामुळे स्वतःच्या गावात मी पाहुणीसारखी होते. गावातली बोली मला कळे, बोलता येत नसे. खरं सांगायचं तर बोलायची लाज वाटे. कचेरीत मी खाली मान घालून काम करी, आणि कोणी मोठ्याने हसलं की मला वाटे, मलाच हसले.

आमच्या आवाराच्या कोपऱ्यात तारेच्या कुंपणात झडपांची ती पांढरी पेटी आणि पावसाचं माप होतं. खेड्यांतून येणारे शेतकरी पेटीला कबुतरखाना म्हणत. नाना तिचे राखणदार. नोकरीत ते शिपायाच्या जरा वर आणि कारकुनाच्या बरेच खाली. दिवसातून दोनदा आकडे घ्यायचे, कार्डावर लिहायचे, पुण्याच्या वेधशाळेला तार करायची. तार जाईपर्यंत आकडा कोणाला सांगायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा. उन्हाने काहिली झालेली माणसं व्हरांड्यात येऊन विचारत, "नाना, आज किती?"

"पहिले पुण्याले कळू द्या."

"आम्ही मरी जाऊत तोपावत!"

"मग तुम्हाले आकडा काय कामना?"

पेटीतल्या एका थर्मामीटरच्या गोळ्याला ओली चिंधी बांधलेली असे. हवेतला दमटपणा तिच्यावरून कळतो. तिच्यासाठी सरकारी मलमल येई, पण ती नानांना पसंत नव्हती. "कोरं कापड पाणी पीत नाही," ते म्हणत, आणि बायकोच्या जुन्या लुगड्याची मऊ झालेली पट्टी दर सोमवारी बदलत. पुण्याला जाणाऱ्या त्या सगळ्या आकड्यांत त्यांच्या घरचं लुगडं होतं, हे तिथल्या कोणाला ठाऊक नसेल.

दहाच्या सुमाराला पुढच्या चोवीस तासांच्या अंदाजाची तार येई, इंग्रजीत. तिचं मराठी करून व्हरांड्यातल्या काळ्या फळ्यावर लिहिणं हे माझं काम. मी ते जीव ओतून करी. अक्षर माझं चांगलं होतं, आणि कोणाशी न बोलता करता येण्यासारखं कचेरीत तेवढंच एक काम होतं. 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. कमाल तापमानात विशेष बदल नाही.' असं काहीतरी.

फळ्याच्या तळाशी हातभर जागा मात्र मी सोडायची, असं पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं. ती नानांची. तिथे ते एक ओळ लिहीत, आपल्या अहिराणीत, खाली उतरत जाणाऱ्या अक्षरांत. पाऊस येईल, वारा येईल असं ते कधीच लिहीत नसत. काय करायचं तेवढंच लिहीत. 'आज मिरच्या अंगनमा ठेवू नका.' 'दुपारले बैल जुपू नका.' आणि सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशी ओळ रिकामी. रिकामी ओळ म्हणजे बिनघोर राहा, आपलं काम करा. हे सगळ्यांना इतकं पाठ होतं, की सायकलवरून येणारा माणूस फाटकातूनच फळ्याच्या तळाकडे बघे आणि तिथे काही नसलं तर पाय न टेकता सायकल वळवून निघून जाई. मी वर लिहिलेलं वाचायला तो थांबत नसे.

थांबलाच एखादा, तर ते आणखी वाईट.

"नाना, हाई तुरळक ठिकाणी म्हंजे कोठे? मना वावरमा का याना वावरमा?"

"ते पुण्याले बी माहीत नही."

सगळे हसत. मी आत टाइपरायटरमध्ये कागद घालत असे.

समोरच्या पेढीवर मोतीशेठ म्हणून राजस्थानकडचे कापसाचे व्यापारी होते. त्यांच्या मुलीचं लग्न मेमध्ये होतं. आदल्या दिवशी नानांची ओळ निघाली, 'ज्यासना घर लगीन शे त्यासनी मांडवले दोन दोर जास्ती बांधा.' शेठ रस्ता ओलांडून आले. "नानाजी, आसमान तो एकदम साफ है. क्यों डराते हो?"

"आभाय साफच शे, शेठजी. दोर महाग व्हयना का?"

शेठ हसले, पण दोर बांधले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वावटळ उठली, गावातले तीन मांडव झोपले, शेठजींचा उभा राहिला. लाडवांचा करंडा घेऊन ते स्वतः आले. नानांनी तो सगळ्या कचेरीत फिरवला आणि म्हणाले, "वावधनने काम करं, लाडू माले!"

हे त्यांना कळे कसं, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. त्यांनी मला फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि तिथल्या मिठाच्या बरणीत बोट घालायला सांगितलं. मीठ कोरडं होतं. "हे ओलं लागलं की मी पेटीकडे दुसऱ्यांदा जातो. आणि भुसावळकडून येणाऱ्या मालगाडीची शिटी घरात बसून ऐकू आली, की तिसऱ्यांदा. ताई, पारा खरंच सांगतो. पण त्याले फक्त आमच्या पेटीतलं माहीत राहतं. बाकीचं चहावाल्याले विचारावं लागतं."

त्याच उन्हाळ्यात त्यांनी माझ्या टेबलावर एक कांदा आणून ठेवला. ऊन लागू नये म्हणून खिशात बाळगायचा. त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात तो कायम असे. मी "थँक यू" म्हटलं, तो खणात ठेवला, दिवसभर त्याच्या वासाने अवघडून बसले आणि संध्याकाळी जाताना भिंतीपलीकडे टाकून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून मला दिसलं, नाना वाकून तो उचलत होते. धोतराला पुसून त्यांनी तो दुसऱ्या खिशात टाकला. 

जूनचा पहिला आठवडा होता. अरबी समुद्रात वादळ उठलं होतं आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे सरकत होतं. तीन दिवस रोज तेच येत होतं. आमच्याकडे झाडाचं पान हलत नव्हतं. दाराची कडी हाताला चटका देई. त्या सकाळची तार मला अजून जशीच्या तशी आठवते, कारण मी ती फार सुरेख लिहिली होती: वादळ उत्तरेकडे सरकत आहे, जिल्ह्यात उष्णता कायम राहील, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोराचे वारे. सुरेख लिहायला कारण होतं. मुंबईहून एक मोठे साहेब संस्थेची पाहणी करायला येणार होते.

नाना त्या दिवशी चारदा पेटीकडे गेले. अकरा वाजून गेल्यावर खडू घेऊन त्यांनी खाली लिहिलं, 'केयी आजच कापा. सकायनी वाट पाहू नका.' केळीची बाग म्हणजे उभं पाणी. जोराचा वारा अर्ध्या तासात ती आडवी करतो, आणि आडव्या झालेल्या झाडाचा घड कोणी घेत नाही. त्या आठवड्याची कापणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, रेल्वेचे डबेही दुसऱ्याच दिवशी लागायचे होते. नानांनी टोपी घातली. "मी मालधक्क्यावर जातो," ते मला म्हणाले. "डबे आजच मिळतात का बघतो. ते लोक माल घेऊन येतील, तर डबे पाहिजेत ना?" आणि त्या उन्हात ते पायी निघून गेले.

साहेब साडेअकराला आले. आमच्या मॅनेजरांना इंग्रजी बेताचंच येई, म्हणून मला बोलावलं. साहेब माझ्याशी सहज, शाळेतल्या मैत्रिणींशी बोलावं तसं इंग्रजी बोलू लागले, आणि किती महिन्यांनी माझी जीभ मोकळी झाली. मी गोदाम दाखवलं, पत्रांच्या फायली दाखवल्या. ते म्हणाले, आता तुमचा हवामानाचा फळा बघू. मी दोन पावलं पुढे झाले आणि व्हरांड्यात आले. वर माझं अक्षर, रांगोळीसारखं. खाली नानांची ती घसरत गेलेली ओळ, 'केयी'. मला वाटलं, साहेब हसतील. ते हसतील आणि मला त्याचं भाषांतर करून सांगावं लागेल.

मी फडका घेतला आणि ओळ पुसली.

कोणी सांगितलं नव्हतं. मॅनेजर अजून आतच होते. साहेब गेले की पुन्हा लिहू, असं मी मनाशी म्हटलंही होतं. साहेबांनी फळा पाहिला, "व्हेरी नीट" म्हणाले. मग चहा झाला. चहा पिताना त्यांनी सांगितलं, की ते दक्षिणेकडचे, मुंबईत नोकरीला नुकतेच आलेले, आणि मराठी त्यांना वाचता येत नाही.

तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. ते मला माझ्या कॉलेजबद्दल विचारत होते. मी बसून राहिले.

दुपारी तीनपर्यंत किती सायकली फाटकातून आत डोकावून वळल्या, मला माहीत नाही. फाटकाकडे माझी पाठ होती. चारला पश्चिमेकडून आभाळ काळंपिवळं झालं. आधी धूळ आली, मग वीज, मग असा वारा, की गोदामाचा पत्रा कागदासारखा उडाला. अर्ध्या तासात सगळं संपलं.

नानांनी मालधक्क्यावर हात जोडून चार डबे मिळवले होते. त्या चार रिकाम्या डब्यांपाशी ते वारा सुटेपर्यंत उभे होते. केळीची एकही गाडी आली नाही. हे मला दुसऱ्या दिवशी हमालाकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नशिराबादचे सुपडूआबा आले. आबा नानांचे वीस वर्षांचे स्नेही. शहरात आले की दोघे एक कप चहा दोन बशांत घेत. आबांच्या दोन्ही बागा आडव्या झाल्या होत्या. आणखी पंधरा-वीस माणसं व्हरांड्यात उभी होती. पण बोलत होते एकटे आबाच, आणि तेही हळू. त्यांची बोली नानांच्या बोलीहून निराळी, भुसावळकडची.

"हिलाल, मी काल बारा वाजता आठी आलो व्हतो. कापणारी मानसं बांधावर बसेल व्हती. तुही ओळ रिकामी व्हती. मी जाऊन त्याहिले घरी धाडून देलं."

नाना फळ्याकडे बघत राहिले. मग फळ्याच्या खिळ्याला टांगलेल्या फडक्याकडे. तो फडका माझ्याशिवाय कोणी वापरत नसे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी दारात उभी होते. माझ्या तोंडात शब्द होते, मराठीतही होते. कुठली भाषा आड आली नव्हती.

"लिखानं राही गयं, आबा," नाना म्हणाले. "मनी चूक व्हयनी."

"राही गयं?" आबांनी विचारलं. "पुण्याले तार करायचं कधी राह्यलं नाही तुहं. आमचंच राह्यलं?"

 मागून कोणीतरी म्हणालं, "सायेब येल व्हता ना काल! सायेबनी सरबराईमा व्हतीन नाना!" कोणी हसलं नाही. आबा पायऱ्या उतरून गेले. चहा झाला नाही.

त्यानंतर पाचव्या दिवसापासून नानांनी खाली लिहिणं बंद केलं. पहिले चार दिवस ते सकाळी खडू हातात घेऊन फळ्यापाशी येत, माझं लिहून होईपर्यंत बाजूला थांबत, मी काही बोलते का म्हणून बघावं तसे बघत, आणि मग लिहीत. पाचव्या दिवशी आलेच नाहीत. माणसं काही आठवडे फळ्याच्या तळाकडे बघत राहिली, मग त्यांनी तेही सोडलं. पाऊस लागला, मिरच्या भिजल्या, मांडव पडले. पेटीचं दार रोज दोनदा उघडत होतं, तारा वेळेवर जात होत्या. एकदा मीच खडू त्यांच्यापुढे धरला. "नाना, आज काही लिहिणार नाही?"

"तुमचं अक्षर चांगलं शे, ताई," ते म्हणाले. "तेवढं पुरे."

वर्षभराने मी नोकरी सोडली, पुढे शिकायला गेले आणि शिकून जळगावलाच शिकवू लागले. नाना निवृत्त होऊन धुळ्याला मुलीकडे राहायला गेले, असं कळलं होतं. सहा वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी जळगावहून एका दिवसासाठी धुळ्याला गेले. काम दुपारी संपलं. पत्ता माझ्याकडे होता. खरं तर बरेच दिवस होता.

पांझरेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत दाराशी बसून नाना ताटात डाळ निवडत होते. चष्मा जाड झाला होता, बाकी तसेच होते. "या, या, ताई! मनी आंडेर भायेर जायेल शे, नाहीतर चहा करती," असं म्हणत मुलीच्या ऐवजी त्यांनी स्वतःच उठून पाणी आणलं. घरात ते निखळ अहिराणीच बोलत होते. वडिलांची चौकशी केली, माझ्या नोकरीची केली. मग थांबले, आणि मी म्हणाले,

"नाना, त्या दिवशी तुमची ओळ मी पुसली होती."

ताटातलं बोट थांबलं नाही. "माहीत शे."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"तुम्ही पोरसवदा व्हत्यात. बठ्ठा लोके उभा व्हतात." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "माले वाटनं, लोके ग्यात की सांगतीन. लोके ग्यात. मंग वाटनं, सकाय सांगतीन. चार दिन वाट दखी. मंग म्हटलं, जी ओळ कोनी बी पुशी टाकस, ती लिखीसन लोकेसले भरोसा कसाले देवाना?"

 ताट हलवून त्यांनी विचारलं, "सुपडूआबाले कधी सांगं का?"

"नाही सांगितलं."

"आबा मनी आंडेरना लगीनले बी उना नही." ताट त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मला एकेरीत म्हणाले, "मंग पोरी, माले कसाले सांगस?"

रागाने नव्हे. खरोखर विचारल्यासारखं.

ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. जळगावची गाडी लागलेली होती, अर्धी रिकामी. मी तिच्याकडे वळले तर ते म्हणाले, "ती नको. भुसावळनी येई आते. ती जळगाववरून पुढे नशिराबादले थांबस." आणि गाडी येईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले. गर्दीत पुढे घुसून त्यांनी टोपी टाकून मला खिडकीची जागा धरून दिली. मग खाली उतरून खिडकीपाशी आले. नीट जा म्हणाले, वडिलांना नमस्कार सांगा म्हणाले. आबांचं किंवा नशिराबादचं नाव पुन्हा काढलं नाही.

कंडक्टर माझ्यापाशी आला. "कुठलं देऊ, बाई?"

नाना खिडकीखालीच होते, हातभर अंतरावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत पाठ फिरवून गर्दीतून चालू लागले. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून असेल, की खरं ऐकावं लागू नये म्हणून. त्यांची पांढरी टोपी फाटकापर्यंत दिसत होती. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

"जळगाव," मी म्हणाले.